चित्रामागील मजकूर

पनवेलची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटण्याच्या आदल्या वर्षी. आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या दोन सालांमध्ये जो दीड शतकाहून अधिक काळ गेला, त्यातील बहुतेक काळ सरकारदरबारची हकिकत जाणून घेण्याची नागरिकाची रीत एकच होती: कचेरीत जावे, दाराशी लावलेल्या फळ्यावरचा जाहीरनामा वाचावा, आणि स्वतःस वाचता येत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थास "काय लिहिलंय हो?" असे विचारावे. कागदाचा रंग कोणता, बोधचिन्ह कोठे छापले आहे, शिक्का सरळ उमटला आहे की वाकडा, यांपैकी काहीही तो गृहस्थ सांगत नसे. घरपट्टीची मुदत केव्हा संपते, हरकती कोणाकडे नोंदवावयाच्या, दाखला कोणत्या वारी मिळतो, एवढेच तो सांगे. ज्याला दृष्टी नाही अशा मनुष्यासही त्या फळ्यापाशी निदान एक माणूस भेटत असे, आणि विचारणाऱ्यास नेमके काय हवे आहे हे ओळखून तो उत्तर देत असे. आज तो फळा संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर गेला आहे. पडद्यापुढे मनुष्य एकटा असतो. आणि तेथील चित्रात काय आहे हे न दिसणाऱ्यास सांगण्याची जबाबदारी शेजारच्या गृहस्थाकडून निघून, ते चित्र तेथे लावणाऱ्याकडे आली आहे. ती पार पाडण्याचे जे साधन आहे, त्यास संकेतस्थळे तयार करणारे लोक ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. आपण त्यास पर्यायी मजकूर म्हणू.

अंध अथवा अत्यंत मंद दृष्टीचा मनुष्य संगणक कसा वापरतो, याची कल्पना पुष्कळ डोळस वाचकांना नसते, म्हणून ते प्रथम सांगणे अवश्य आहे. त्याच्या यंत्रात स्क्रीन रीडर नावाची एक आज्ञावली असते. ती पडद्यावरील अक्षरे क्रमाने उच्चारून दाखवते, किंवा ब्रेल-पट्टिका जोडलेली असेल तर तीच अक्षरे बोटांखाली उठणाऱ्या ठिपक्यांत उतरवते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर या नावाने ही सोय मुळातच असते. संगणकासाठी एनव्हीडीए ही आज्ञावली मोफत मिळते, आणि मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तिचा आरंभ केला व जेम्स टे या दुसऱ्या अंध सहकाऱ्याने त्याला साथ दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंतु ही सर्व साधने अक्षरे वाचतात. चित्र आले की त्या चित्राला जोडून पृष्ठाच्या अंतरंगात कोणी काही शब्द लिहून ठेवले आहेत काय, हे ती पाहतात. असल्यास ते शब्द उच्चारतात, आणि नसल्यास 'प्रतिमा' एवढेच म्हणून पुढे जातात, किंवा कॅमेऱ्याने त्या फायलीस दिलेले अक्षर-आकड्यांचे निरर्थक नाव एकेक अक्षर करून वाचू लागतात. डोळस वाचकास हे अंतरंगातील शब्द सहसा दिसत नाहीत, आणि म्हणूनच ते लिहिले न गेल्याची उणीवही त्याला दिसत नाही.

ही व्यवस्था नवी नाही. संकेतपृष्ठात चित्र बसवण्याची सूचना मार्क अँड्रीसन या संगणकतज्ज्ञाने फेब्रुवारी १९९३ मध्ये मांडली. संकेतपृष्ठे लिहिण्याच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या नियमावलीत चित्राबरोबर पर्यायी शब्द देण्याची तरतूद आली. आणि डिसेंबर १९९७ च्या आवृत्तीत ती अनिवार्य ठरली. म्हणजे आपल्याकडे महाजालाचा प्रसार होऊ लागला त्याच सुमारास हा नियम अस्तित्वात होता. उणीव राहिली ती नियमाची नव्हे, हे शब्द लिहावयाचे कसे आणि लिहावयाचे कोणी, याच्या समजुतीची. पुष्कळांचा असा ग्रह असतो की, पर्यायी मजकूर म्हणजे चित्राचे वर्णन. हा ग्रह अर्धाच खरा आहे, आणि तो पुरता खरा मानल्यामुळे जे मजकूर लिहिले जातात तेही बहुधा निरुपयोगी ठरतात. चित्र त्या विशिष्ट जागी जे काम करीत असते, ते काम शब्दांनी करून दाखवणे, हे पर्यायी मजकुराचे खरे प्रयोजन होय; आणि काम बदलले की, चित्र तेच असूनही, शब्द बदलावे लागतात.

उदाहरणासाठी पनवेलकरांच्या नित्य परिचयाचे एक दृश्य घेऊ. गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की थोड्याच वेळात डाव्या-उजव्या बाजूंची वस्ती विरळ होते आणि झाडीने झाकलेल्या डोंगराच्या माथ्यावर कर्नाळ्याचा सुळका, हाताचा अंगठा वर करावा तसा, आकाशात उभा राहिलेला दिसतो. याचे एक छायाचित्र आपल्यापाशी आहे असे समजा. हे छायाचित्र कर्नाळा पक्षी अभयारण्याची माहिती देणाऱ्या पृष्ठाच्या शिरोभागी लावले, तर तेथे ते स्थळाची ओळख पटवण्याचे काम करते, आणि 'दाट झाडीच्या डोंगरावर उभा असलेला कर्नाळ्याचा सुळका' एवढे शब्द त्यास पुरेसे होतात. तेच छायाचित्र शालेय भूगोलाच्या पाठात आले, तर त्याचे काम खडकाची रचना दाखवण्याचे आहे; तेथे 'सभोवतालच्या उतारापासून एकदम उभा उठलेला बेसाल्ट खडकाचा सुळका; बाजू जवळजवळ सरळ तुटलेल्या, माथा अरुंद' असे लिहिले पाहिजे, आणि झाडीचा उल्लेख गाळला तरी चालेल. गिर्यारोहकांसाठी लिहिलेल्या पृष्ठावर तेच चित्र सूचना देण्यासाठी असते: सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी कोणत्या बाजूस आहेत, वाट कोठे अरुंद होते, कपारींत मधमाश्यांची पोळी कोठे लोंबत आहेत, हे तेथे सांगावयाचे. आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या एखाद्या इमारतीच्या जाहिरातीत तेच दृश्य खिडकीच्या चौकटीतून दाखवले असेल, तर 'दिवाणखान्याच्या खिडकीतून दक्षिणेस दूरवर कर्नाळ्याचा सुळका दिसतो' हेच त्या चित्राचे म्हणणे असते. घर विकत घेऊ पाहणाऱ्या अंध गृहस्थाला, किंवा त्याच्या घरी येणाऱ्या डोळस पाहुण्यांचा विचार करणाऱ्या गृहिणीला, त्या म्हणण्याची किंमत ठरवण्याचा सर्वांइतकाच अधिकार आहे.

अभयारण्यातील पक्ष्यांच्या चित्रांचेही असेच. बातमीत सहज आलेल्या चित्रास 'स्वर्गीय नर्तक पक्ष्याचा नर' इतके पुरे. पक्षी ओळखण्यास शिकवणाऱ्या पुस्तिकेत मात्र 'शुभ्र शरीर, चकचकीत काळे तुरेदार डोके आणि शरीराहून कितीतरी लांब अशी शेपटीतील दोन पांढरी पिसे' हे सांगितल्यावाचून त्या चित्राचे काम झाले असे म्हणता येणार नाही. ज्याने रंग कधीही पाहिले नाहीत त्यास शुभ्र आणि काळा हे शब्द कशाला, असा प्रश्न काही सज्जन कळवळ्याने विचारतात. त्याला उत्तर असे की, दृष्टिबाधितांपैकी अनेकांची दृष्टी वयाबरोबर, मधुमेहाने, काचबिंदूने किंवा अपघाताने गेलेली असते आणि रंगांची स्मृती त्यांच्यापाशी शाबूत असते. पुष्कळांना अंधूक दिसतही असते. आणि ज्यांनी रंग कधीच पाहिले नाहीत ते देखील रंगांची भाषा बोलणाऱ्या समाजातच राहतात, लग्नाचा शालू हिरवा आणि हळदीचा रुमाल पिवळा हे त्यांना ठाऊक असते, व मुलीसाठी कापड निवडताना ते त्याच भाषेत बोलतात. त्यांच्या वतीने कोणते शब्द त्यांना नको आहेत हे ठरवून टाकणे योग्य नव्हे.

आता व्यक्तींची चित्रे. पनवेलीच्या नाट्यगृहास वासुदेव बळवंत फडके यांचे नाव दिलेले आहे, कारण १८४५ साली ज्या शिरढोण गावी त्यांचा जन्म झाला ते येथून फारसे दूर नाही. त्यांचे चित्र नाटकाच्या तिकिटांच्या पृष्ठावर असेल तर 'आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके' या नावापलीकडे काही लिहिण्याची गरज नाही. परंतु १८७९ च्या उठावावरील लेखात, पुण्याच्या लष्करी हिशेब-खात्यातील एक कारकून बंडाचा पुढारी कसा झाला हे सांगताना लेखकाने एखादे जुने चित्र मुद्दाम दिले असेल, तर त्यातील पोशाख, चर्या, हाती शस्त्र आहे की नाही, चित्र रंगवलेले आहे की कॅमेऱ्याने टिपलेले, यांना महत्त्व येते. व्यक्तींच्या चित्रांबाबत एक पथ्य मात्र सर्वत्र पाळावे: नाव ठाऊक असेल तर नाव प्रथम लिहावे, आणि जात, धर्म, वय किंवा शरीराची ठेवण यांविषयी चेहरा पाहून अनुमाने करू नयेत. 'सुंदर', 'मनोहर', 'भव्य' ही विशेषणेही टाळावीत. १८४९ साली बांधलेल्या बेथ एल या पनवेलच्या बेने इस्रायलांच्या प्रार्थनामंदिराचे चित्र देताना कमान, दार, पायऱ्या, भिंतीवरील लेख यांपैकी जे दिसत असेल ते लिहावे, म्हणजे ते सुंदर आहे की नाही हे ऐकणारा आपले आपण ठरवील.

शब्द किती असावेत, असे नेहमी विचारले जाते. एक वाक्य, फार तर दोन, हे सर्वसाधारण मान. त्या वाक्यात प्रमुख गोष्ट आधी यावी, कारण ऐकणाऱ्यास पृष्ठावर नजर टाकून पुढे सरकता येत नाही. त्याला ओळीमागून ओळ ऐकत जावे लागते, आणि काम भागले की कळ दाबून तो पुढील परिच्छेदाकडे जातो. या कलेचा धडा आपल्या भाषेत पूर्वीच घालून दिला गेला आहे. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित मराठीत क्रिकेटचे धावते समालोचन करीत, तेव्हा महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ज्यांनी कसोटी सामन्याचे मैदान जन्मात पाहिले नव्हते अशा माणसांच्या डोळ्यांपुढे ते मैदान उभे राहत असे. चेंडू कोणी टाकला, फलंदाजाने तो कोणत्या बाजूस मारला, क्षेत्ररक्षक कोठून धावला, आणि धावा किती झाल्या, या क्रमात एकही शब्द जागा सोडून पडत नसे. आकाशातील ढगांविषयी बोलावयाचे ते दोन षटकांमधील उसंतीत. पर्यायी मजकूर लिहिणाऱ्याने गोष्टींचा हा अग्रक्रम मनात ठेवावा. 'या चित्रामध्ये आपणांस असे दिसते की' या शब्दांनी आरंभ करू नये, कारण ही प्रतिमा आहे असे यंत्राने आधीच सांगितलेले असते.

काही चित्रे दृश्य दाखवीतच नाहीत. ती कळ म्हणून काम करतात. भिंगाचे चित्र म्हणजे 'शोधा', मुद्रणयंत्राचे म्हणजे 'छापा', घराचे म्हणजे 'मुखपृष्ठावर परत जा'. अशा चित्रामागे 'भिंग' असे लिहिणे म्हणजे दारावर 'आत या' ऐवजी 'लाकूड' असे लिहिण्यासारखे आहे. याउलट, वेलबुट्टी, रेघा, पार्श्वभूमीवरील फिकट नक्षी यांना काही काम नसते. त्यांच्यासाठी पर्यायी मजकुराची जागा ठेवावी पण ती मुद्दाम रिकामी सोडावी, म्हणजे यंत्र त्यांना वगळून पुढे जाते. जागाच न ठेवणे आणि ठेवून रिकामी सोडणे यांत फरक आहे: पहिल्यात यंत्र गोंधळते, दुसऱ्यात त्यास 'येथे थांबू नकोस' असा स्पष्ट हुकूम मिळतो. पृष्ठावरील प्रत्येक फुलापानाचे वर्णन ऐकावे लागणे ही देखील एक पीडाच असते. आलेखाचे म्हणावयाचे तर 'स्तंभालेख' हा शब्द कोणाच्याही उपयोगाचा नाही. आलेख काय सिद्ध करतो ते एका वाक्यात लिहावे आणि आकडे कोष्टकाच्या रूपाने खाली द्यावेत. नकाशाचेही तसेच, 'विमानतळाचा नकाशा' असे लिहून भागत नाही, पनवेल स्थानकाहून तेथे कोणत्या रस्त्याने व कोणत्या वाहनाने जावयाचे हे अक्षरांत सांगितले पाहिजे. १८७२ पासून पनवेलीत आयुर्वेदीय औषधे तयार करणाऱ्या धूतपापेश्वरसारख्या कारखान्याच्या एखाद्या बाटलीचे चित्र असेल, तर औषधाचे नाव, प्रमाण आणि वेष्टनावरील सूचना यांना अग्रस्थान. बाटलीच्या आकारास नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. आपल्या शहरांत चित्रांमुळे होणारी खरी अडचण सुळक्यांच्या आणि पक्ष्यांच्या छायाचित्रांनी होत नाही. ती होते चित्र म्हणून पाठवलेल्या मजकुराने. उन्हाळ्यात देहरंगच्या धरणातील साठा खालावला की पाणीकपातीची सूचना निघते. घरपट्टीवरील सवलतीची मुदत वाढते. घरांच्या सोडतीची जाहिरात येते. शाळेच्या प्रवेशाचे वेळापत्रक लागते. ही सूचना कोणीतरी संगणकावर अक्षरांनीच लिहितो, मग ती कागदावर छापतो, तिच्यावर सही-शिक्का घेतो, कागदाचे छायाचित्र काढतो, आणि ते छायाचित्र सर्वत्र रवाना करतो. अक्षरे होती ती चित्र झाली. स्क्रीन रीडरपुढे आता एक मुकी आयताकृती उरते, आणि उद्या नळाला पाणी येणार नाही ही बातमी ज्या वृद्ध अंध बाईला सर्वांत आधी कळावयास हवी होती, तिला ती रिकामी बादली भरावयास गेल्यावर कळते. अशा चित्रामागे 'पाणीपुरवठ्याबाबत सूचना' असे लिहिल्याने कर्तव्य पुरे होत नाही. कोणत्या प्रभागात, कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी बंद, आणि टँकरसाठी कोठे विचारावे, हा सर्व मजकूर अक्षरांतच चित्राशेजारी द्यावा. तो सर्वांनाच उपयोगी पडतो, शोधयंत्रालाही सापडतो, आणि डोंगराकडच्या वाड्यांवर, जेथे फोनला जेमतेम जाळे मिळते व चित्र उतरता उतरत नाही, तेथेही तो पोहोचतो. सही-शिक्क्याचे चित्र पुराव्यादाखल खाली ठेवण्यास कोणाची हरकत नाही.

यात मराठीची म्हणून आणखी एक गुंतागुंत आहे. युनिकोडच्या आधीच्या काळात आपल्या कचेऱ्या व छापखाने ज्या अक्षरसंचांवर चालत, त्यांत देवनागरी अक्षराचे केवळ रूप दिसे. आत मात्र रोमन लिपीतील अक्षरांच्या व चिन्हांच्या संकेतांकांवर ते रूप चढवलेले असे. कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या संचांत तयार केलेला दस्तऐवज डोळ्यांस शुद्ध मराठी दिसतो, आणि स्क्रीन रीडर त्यातून अर्थहीन रोमन अक्षरांची खडखड ऐकवतो. तेव्हा मूळ मसुदाच युनिकोडमध्ये करणे हा यावरचा एकमेव खात्रीचा उपाय आहे. त्याखेरीज पृष्ठाच्या आरंभी त्याची भाषा मराठी अशी नोंदवावी लागते. ही नोंद इंग्रजी राहिली तर यंत्र इंग्रजी आवाजात मराठी वाचू पाहते किंवा मुकाट्याने सर्व ओलांडून जाते. आणि आपली ती आवडती संक्षिप्त रूपे! 'ता. पनवेल, जि. रायगड, स. ९ ते दु. १' हे डोळ्यास सोयीचे आहे, कानास ते 'ता', 'जि', 'स', 'दु' असे तुटके ऐकू येते. पर्यायी मजकुरात 'तालुका पनवेल, जिल्हा रायगड, सकाळी नऊ ते दुपारी एक' असे पुरते लिहावे. त्यासाठी कागद लागत नाही की शाई.

कोणास वाटेल की हा दयाधर्माचा विषय आहे. तसे नाही, हा कायद्याचा विषय आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, आणि त्याच्या ४२ व्या कलमाने ध्वनी, मुद्रण व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना सुगम असावा याची काळजी घेण्याचे दायित्व शासनावर टाकले. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तर २००९ पासूनच आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, काही किमान नियम बंधनकारकच असले पाहिजेत. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचाच भाग मानला. २०११ च्या जनगणनेत दृष्टिबाधित म्हणून नोंदलेल्या भारतीयांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. एवढ्यांच्या जीविताच्या अधिकाराचा प्रश्न चित्रामागील दोन ओळींवर येऊन ठेपतो, ही गोष्ट न्यायालयाला कळली आहे, ती कचेरीतल्या टेबलापर्यंत पोहोचावयाची आहे.

पर्यायी मजकूर नसल्यावरून घडलेला एक जुना खटला येथे स्मरतो. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावरील चित्रांमागे शब्द नाहीत, आणि आपल्याला वेळापत्रके व निकाल नीट वाचता येत नाहीत, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या जन्मांध गृहस्थाने १९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. तो ब्रेल-पट्टिकेवर बोटे फिरवून संगणक वाचीत असे. संयोजकांनी हे काम फार खर्चाचे आहे असा बचाव केला. आयोगाने तो फेटाळला, दुरुस्तीचा हुकूम दिला, आणि तो पुरता पाळला गेला नाही म्हणून वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांची भरपाई देवविली. मॅग्वायरच्या बोटांखाली जे ठिपके उठावयास हवे होते त्यांचा विचार करताना मला आपल्याकडील 'स्पर्शज्ञान' आठवते. स्वागत थोरात यांनी २००८ साली हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले आणि अंध वाचकाला वर्तमानपत्र दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतःच्या हाताने वाचण्याचे सुख दिले. बातमी आपली आपण, आपल्या गतीने, नको तो भाग सोडून आणि हवा तो दोनदा वाचणे, ही डोळसांना सवयीने क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे. चांगला पर्यायी मजकूर तीच गोष्ट चित्राच्या बाबतीत शक्य करतो.

अलीकडे हे काम यंत्रानेच करावे असा एक विचार जोर धरीत आहे. फेसबुकने एप्रिल २०१६ मध्ये छायाचित्रांची आपोआप वर्णने देण्यास आरंभ केला, आणि त्यानंतरच्या दशकात यंत्रांची समज विलक्षण वाढली. अंध मनुष्य आज कोणत्याही चित्राविषयी फोनला प्रश्न विचारू शकतो, आणि जेथे कोणीच काही लिहिलेले नाही तेथे ही सोय खरोखर मोठी आहे. तथापि यंत्राला पनवेलचा वडाळे तलाव हा केवळ एक तलाव असतो; फोटोतील पहिल्या रांगेतील बाई बचतगटाच्या अध्यक्ष आहेत, मागच्या इमारतीच्या जागी पूर्वी भाताची गिरणी होती, आणि हे चित्र निवडण्याचे कारण त्या बाईंच्या हातातील धनादेश आहे, हे ज्याने चित्र निवडले त्यालाच ठाऊक असते. यंत्राने दिलेला मजकूर कच्चा मसुदा समजावा, नावे व हेतू स्वतः घालावेत, आणि वाचून पाहिल्याशिवाय तो पुढे जाऊ देऊ नये. क्वचित यंत्र नसलेली गोष्टही ठामपणे सांगते, आणि ज्याला चित्र दिसत नाही त्याला ती पडताळण्याचे साधन नसते.

यास लागणारा वेळ थोडा आहे. चित्र निवडले जाते त्या क्षणी त्याचे कारण मनात ताजे असते. तेव्हाच दोन ओळी लिहिल्या तर काम मिनिटाचे, वर्षभराने शेकडो चित्रे साठल्यावर तेच डोंगराएवढे. म्हणून आवक-जावक नोंदवहीत क्रमांक चढवल्याविना कागद पुढे सरकत नाही, तसा पर्यायी मजकुराविना चित्र पृष्ठावर चढू नये, असा नियम प्रत्येक कचेरीने, शाळेने, बँकेने आणि दुकानाने स्वतःपुरता करावा. हे शब्द लिहिण्याची जागा संकेतस्थळांच्या बहुतेक सर्व व्यवस्थांत, वर्डच्या दस्तऐवजात, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम व एक्स यांवरही ठेवलेली असते. व्हॉट्सॲपवर सूचना पाठवताना चित्राखालच्या ओळीत सगळा मजकूर टंकित करावा. तपासणीची रीतही अवघड नाही: टॉकबॅक सुरू करावा, पडदा झाकावा, आणि स्वतःच्या पृष्ठावरून एक बिल भरून पाहावे किंवा एक अर्ज करून पाहावा. त्याहून अधिक खात्री हवी असेल, तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या अंध व्यक्तीस तपासणीसाठी बोलवावे, तिने दाखवलेल्या चुका लिहून घ्याव्यात, आणि अन्य कोणत्याही तज्ज्ञास देतो तसा तिच्या कामाचा मोबदला तिला द्यावा.